मारका बैल आणि हॉकीतला सौदा: वादग्रस्त खेळाडूच्या अदलाबदलीवर वाद कसा घालावा

संघानं एखादा वादग्रस्त खेळाडू दुसऱ्या संघाला दिला की कट्ट्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बरं झालं, पीडा गेली.’ दुसरंही ठरलेलं: ‘बघा आता, तिकडं जाऊन कप उचलतोय की नाही.’ या दोन वाक्यांत पाऊण तास जातो, आवाज चढतात, चहा गार होतो, आणि बदल्यात कोण आलं हे कुणी विचारलेलंच नसतं.

जनावरांच्या बाजारात आपली माणसं ही चूक करत नाहीत. मारका बैल विकायला काढला तरी बोलणं दातांचं, खांद्याचं, चालीचं होतं. खोड ही भावात धरायची गोष्ट. आणि मुरलेलं गिऱ्हाईक बैलाआधी मालकाकडं बघतं: याला आजच विकायचंय, की हा पुढच्या बाजारापर्यंत थांबू शकतो? हॉकीतल्या सौद्यावरचा वाद याच रस्त्यानं नेला तर त्यातून काहीतरी हाती लागतं. माणूस चांगला की वाईट हा प्रश्न मग मागं पडतो. त्या तारखेला, त्या भावात, त्या बदल्यात देणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न पुढं येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचनालयांत, कॉलेजांत आणि हॉकी क्लबांत असा वाद रीतसर घालायचा असेल तर त्याची ही कृती. साधारण पंधरा-वीस माणसं आणि पावणेदोन तास धरले आहेत.

कुठली हॉकी

विषय ठरवतानाच हे स्पष्ट करा. आपली मैदानी हॉकी आणि उत्तर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी यांत खेळाइतकाच व्यवहारही वेगळा आहे. हॉकी इंडिया लीगमध्ये खेळाडू लिलावातून येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात झालेल्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडं ४ कोटी रुपये होते आणि हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची सर्वांत मोठी बोली लागली. लिलावात बोली लावणाऱ्याचा हिशेब कळतो. खेळाडू हातचा सोडणाऱ्याचा हिशेब त्यात नसतो, आणि आपल्याला वाद घालायचाय तो त्याच्याच बाजूनं. म्हणून सरावाला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधले सौदे घ्यावेत. तिथं खेळाडूच्या बदल्यात खेळाडू जातो, किंवा पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचा हक्क जातो, आणि अटी बऱ्यापैकी उघड असतात.

बर्फावरच्या हॉकीचं जुजबी ज्ञान सगळ्यांना हवं. गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात आणि नियमित हंगामात २०२५-२६ पर्यंत ८२ सामने. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. त्या गोलाला हातभार लावणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही एकेक मिळतो. ‘५१ गुण’ म्हटलं की ५१ गोल असा समज होतो आणि वादाची पहिली दहा मिनिटं तिथंच बुडतात.

व्यवहारातले चार शब्दही फळ्यावर लिहून ठेवा. पगारमर्यादा: संघानं खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करावा याची कमाल रक्कम, ती २००५ च्या हंगामापासून आली. कॅप-भार: कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे एका खेळाडूनं त्या मर्यादेत अडवलेली जागा. पगार राखणं: खेळाडू देतानाही जुन्या संघानं त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंत भार स्वतःकडं ठेवणं. आणि हलवण्यास मनाई: ज्या करारात हे कलम आहे, त्या खेळाडूला त्याच्या होकाराशिवाय दुसरीकडं देता येत नाही. चौथ्या शब्दावर बहुतेक वाद फिरतात आणि नेमका तोच लोकांना माहीत नसतो.

एका पानाचा कागद

वादाआधी एक जण एकाच पानावर मजकूर तयार करतो. दुसरं पान लागलं की लोक वाचत नाहीत. सौद्याची तारीख, कोण गेलं आणि कोण आलं, दोघांची वयं, उरलेली वर्षं, कॅप-भार, मनाईचं कलम, मागच्या हंगामातले सामने आणि गुण, एवढं पुरतं. विशेषणं नकोत. ‘उर्मट’, ‘गुणी’, ‘संघाचा आत्मा’ असलं काही कागदावर आलं की कागद लिहिणारा अर्धा वाद आधीच जिंकतो.

सरावाला सर्वांत सोयीचा सौदा म्हणजे मॉन्ट्रियलनं पी. के. सुबान देऊन नॅशव्हिलकडून शे वेबर घेतला तो. तारीख २९ जून २०१६. एकास एक अदलाबदल, दोघेही बचावपटू, त्यामुळं गुंता कमी. सुबान २७ वर्षांचा, वर्षाला ९० लाख डॉलर कॅप-भार, करार २०२२ पर्यंत. वेबर ३० वर्षांचा, साधारण ७८ लाख ५७ हजार, करार २०२६ पर्यंत. मागच्या हंगामात सुबानचे ६८ सामन्यांत ५१ गुण, वेबरचे ७८ सामन्यांत ५१.

आता हा कागद कसा वाचायचा ते पाहा. नुसते ५१ आणि ५१ बघणारा म्हणेल, बरोबरी झाली. सामन्यांनी भागणारा म्हणेल, सुबान ०.७५ आणि वेबर ०.६५, म्हणजे सुबान वरचढ. गोल मोजणारा म्हणेल, वेबरचे २० आणि सुबानचे ६, म्हणजे वेबर. तिघंही खरं बोलतायत. वर्षाचा खर्च बघितला तर मॉन्ट्रियलचे ११ लाख ४३ हजार डॉलर वाचले. एकूण बांधिलकी बघितली तर सुबानचे ६ हंगाम म्हणजे ५ कोटी ४० लाख आणि वेबरचे १० हंगाम म्हणजे सुमारे ७ कोटी ८६ लाख, तेही तो चाळिशीला पोचेपर्यंत. २०१६-१७ च्या हंगामाची मर्यादा ७ कोटी ३० लाख होती. सुबान तिच्यातला १२.३ टक्के खायचा, वेबर १०.८ टक्के. वादात टक्केच वापरा. डॉलरचे रुपये करायला लागलात की सगळे आकडे नुसते ‘लई मोठे’ वाटायला लागतात आणि तुलना संपते.

आणि तारखेकडं बघा. सुबानच्या करारातलं हलवण्यास मनाईचं कलम १ जुलै २०१६ ला सुरू होणार होतं, सौदा दोन दिवस आधी झाला. ‘एवढी काय घाई होती?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

खोड कुठली, ते वेगळं करा

‘वादग्रस्त’ हा शब्द पोत्यासारखा आहे, काहीही कोंबता येतं. वाद सुरू होण्याआधी अध्यक्षानं पोतं रिकामं करून घ्यावं.

पहिली खोड खेळातली: धोका पत्करून खेळणं, नको तिथं चेंडू किंवा चकती गमावणं, शिक्षा ओढवून घेणं. ही मोजता येते, म्हणून हिच्यावर बोलणाऱ्यानं आकडा द्यावा. दुसरी खोड संघातली: प्रशिक्षकाशी न पटणं, बाकीच्यांशी अबोला. हिचा पुरावा जवळजवळ नेहमी ऐकीव असतो. सुबानवर फेब्रुवारी २०१६ मध्ये कोलोराडोविरुद्धच्या पराभवानंतर प्रशिक्षकानं उघड टीका केली, हे जाहीर आहे. ‘सगळा संघ त्याला कंटाळला होता’ हे मात्र कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं. पहिलं वादात चालेल, दुसरं चालणार नाही. शिवाय ज्या प्रशिक्षकाशी पटत नाही, त्याची नोकरी किती पक्की आहे हेही विचारा. त्याच प्रशिक्षकाला मॉन्ट्रियलनं फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे सौद्यानंतर आठ महिन्यांत, काढून टाकलं.

तिसरी खोड म्हणजे नुसता स्वभाव लोकांच्या डोळ्यांवर येणं: कपडे, बोलणं, गोल झाल्यावरचा नाच. याच सुबाननं २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मुलांच्या रुग्णालयासाठी १ कोटी डॉलर उभे करण्याचा शब्द दिला होता, तरी ‘फार मिरवतो’ हा शेरा सुटला नाही. ही खोड भावात किती धरायची हे प्रत्येकानं ठरवावं. आमच्या मते शून्य. मिरवणारा बैल नांगराला वाईट असतो असं नाही.

चौथा प्रकार या पोत्यात घालायचाच नाही. मारहाण, लैंगिक अत्याचार, पोलिसांत गेलेली तक्रार असा मामला असेल तर ‘बदल्यात काय मिळालं’ हा वाद घालणंच बीभत्स आहे. असा सौदा सरावाला घेऊ नका. संघानं काय करायला हवं होतं यावर वेगळी, शांत चर्चा ठेवा. आणि तिथंही भान ठेवा: लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पुराव्याशिवाय कुणावर आरोप केला तर बदनामीचं कलम ३५६ आहे. वाचनालयाच्या खोलीत बोललेलं आजकाल दहा मिनिटांत मोबाईलवर फिरतं.

विकणाऱ्याला घाई होती का

सगळ्या कृतीत सर्वांत जास्त वेळ इथं द्या. वादग्रस्त खेळाडूच्या सौद्यात भाव ठरतो तो बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर. हे समजावायला दोन सौदे शेजारी ठेवावेत.

पहिला एरिक लिंड्रॉसचा. १९९१ मध्ये क्वेबेकनं त्याला नव्या खेळाडूंतून पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्यानं सांगितलं, मी तुमच्याकडं खेळणार नाही. अठरा वर्षांचा पोरगा आणि एवढा माज, म्हणून चहूकडून शिव्या पडल्या. क्वेबेकनं पूर्ण एक हंगाम जाऊ दिला. पुढच्या जूनमध्ये तर त्यांचं बोलणं दोन संघांशी एकाच वेळी इतकं पुढं गेलं की फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स या दोघांनीही सौदा आपलाच असा दावा केला. लवाद बसला आणि ३० जून १९९२ ला निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूनं लागला. एका न खेळलेल्या पोराच्या बदल्यात क्वेबेकला सहा खेळाडू, पहिल्या फेरीतल्या निवडीचे दोन हक्क आणि दीड कोटी डॉलर मिळाले. त्या सहांत पीटर फोर्सबर्ग होता. १९९१-९२ मध्ये गुणतक्त्यात ५२ गुणांवर (हे गुण संघाचे, सामन्यांच्या निकालांवरचे) रखडलेलं क्वेबेक पुढच्याच हंगामात १०४ वर गेलं.

दुसरा सौदा पॅट्रिक रुआचा. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक, १९९३ चा कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले कप, त्यानंच मिळवून दिला म्हणायला हरकत नाही. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटविरुद्ध मॉन्ट्रियल घरच्या बर्फावर १-११ असं हरलं. रुआवर २६ फटके आले, नऊ आत गेले, तरी प्रशिक्षकानं त्याला लवकर बाहेर घेतलं नाही. एक सोपा फटका अडवल्यावर प्रेक्षकांनी टर उडवत टाळ्या वाजवल्या आणि त्यानं हात वर करून त्या झेलल्या. बाहेर आल्यावर तो बाकामागं बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांकडं गेला आणि हा आपला मॉन्ट्रियलसाठीचा शेवटचा सामना असं सांगून मोकळा झाला. हजारो लोकांदेखत. आता मालकाला विकायचंय हे सगळ्या बाजाराला कळलं. चारच दिवसांत, ६ डिसेंबरला, रुआ आणि कप्तान माइक कीन असे दोघं कोलोराडोला गेले. बदल्यात जोसेलिन टिबो, मार्टिन रुचिन्स्की आणि आंद्रेई कोवालेंको आले. पुढच्या जूनमध्ये कोलोराडोनं कप जिंकला.

खरी मेख पुढंच आहे, ती अध्यक्षानं वादाच्या मध्यावर सांगावी. ते कोलोराडो म्हणजे १९९५ मध्ये गाव बदललेलं क्वेबेकच. आणि रुआच्या बदल्यात त्यांनी दिलेला टिबो हा १९९३ मध्ये निवडलेला, तोही लिंड्रॉसच्या सौद्यात फिलाडेल्फियाकडून मिळालेल्या हक्कावर. म्हणजे थांबून विकलं त्यातला एक तुकडा मोडून, घाईत विकणाऱ्याकडचा सर्वांत मोठा दागिना घेतला. हे कळल्यावर बैठकीत दोन क्षण शांतता होते. ती मोडू नका.

यातून काढायचा प्रश्न साधा आहे: सौद्याच्या दिवशी विकणाऱ्याकडं थांबायची सोय होती का, आणि गिऱ्हाइकं किती होती? प्रत्येक वक्त्याला या दोन्हींची उत्तरं द्यायला लावा. एक सावधगिरी मात्र हवी. थांबणं फुकट नसतं. क्वेबेकनं एक हंगाम रिकामा घालवला. गोलरक्षक घरी बसवून हंगाम घालवणं मॉन्ट्रियलला किती जड गेलं असतं, हे विरुद्ध बाजूनं विचारलंच पाहिजे. आणि हे दोन्ही सौदे पगारमर्यादेच्या आधीचे आहेत, तेव्हा आजचा कॅप-भार त्यांना लावू नका.

बैठक

आर्द्राचा पाऊस सुरू असतो, मैदानात गुडघाभर चिखल असतो, तेव्हाच तिकडं सौद्यांचा हंगाम असतो. वरचे सुबानचा आणि लिंड्रॉसचा हे दोन सौदे जूनच्या शेवटचे आहेत ते उगाच नव्हे. नव्या खेळाडूंची निवड आणि १ जुलैला सुरू होणारे नवे करार यांच्या आसपास संघ हिशेब जुळवतात. तेव्हा बैठक पावसाळ्यात ठेवा, छप्पर पक्कं बघा. पत्र्याखाली ठेवली तर कुणाचंच ऐकू येत नाही.

ताजा सौदा घ्यायचा असेल तर बातमी आल्याच्या रात्री बसू नका. कोणत्या अटीवर निवडीचा हक्क वरच्या फेरीत जाणार, पगार किती राखला, हे सहसा मागाहून कळतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या.

बाजू नाणं उडवून ठरवा. प्रत्येक बाजूला तीन वक्ते. ज्याला खेळाडू आवडतो त्याच्यावर सौद्याचं समर्थन करायची पाळी आली तर उत्तमच. वेळ अशी वाटा: कागद वाचायला १० मिनिटं, प्रत्येक वक्त्याला ४ मिनिटं, मग एकमेकांना प्रश्न दोन्ही बाजूंना १०-१० मिनिटं, सभेतून बोलणाऱ्यांना दीड-दीड मिनिट असं एकूण २५, समारोपाला ३-३ मिनिटं आणि मतदानाला १०. ही बेरीज ९५ होते. उरलेली दहा मिनिटं बेळगावच्या ऑलिम्पिकपटू बंडू पाटलांसाठी. बेळगावात हॉकीचा विषय निघाला की १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या सुवर्णपदकापर्यंत तो जाणारच, आणि जायलाही हवा. पण तो मधेच गेला तर परत येत नाही. सुरुवातीलाच जाऊ द्या.

प्रश्नोत्तरांत ‘तुम्हाला हॉकी कळते का’ हा प्रश्न बाद. उत्तर देणाऱ्यानं आधी एका वाक्यात उत्तर द्यावं, मग स्पष्टीकरण. अध्यक्ष वयानं मोठा असेल तर पोरं त्याला अडवायला बिचकतात, म्हणून घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या, शक्यतो शाळकरी मुलीच्या. तिनं घंटा मारली की काकाही गप्प बसतात.

मतदान दोनदा घ्या, वादाआधी आणि नंतर, चिठ्ठीवर. हात वर करून घेतलं तर माणसं शेजाऱ्याकडं बघून हात वर करतात. चिठ्ठीवर ‘सौदा योग्य की अयोग्य’ एवढंच नको. खाली एक ओळ मोकळी सोडा: ‘मी असतो तर बदल्यात आणखी काय मागितलं असतं?’ ती ओळ कोरी सोडणाऱ्याचं मत मोजा, पण त्याच्या बोलण्यावर फार वेळ घालवू नका.

कुठं फिसकटतं

डोकी मोजणं ही नेहमीची चूक. ‘एक दिला, तीन मिळाले, फायदाच की!’ बॉस्टननं ३० नोव्हेंबर २००५ ला जो थॉर्नटन सान होजेला दिला आणि तीन खेळाडू घेतले. थॉर्नटननं तो हंगाम १२५ गुणांनी संपवला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. एका सामन्याला संघ वीसच खेळाडू उतरवतो आणि सर्वोत्तम खेळाडू सर्वांत जास्त वेळ बर्फावर असतो, म्हणून तीन मध्यम मिळून एक मोठा होत नाही. उलट बाजूनं ‘देव गेला, देऊळ पडलं’ हाही सिद्धान्त नव्हे. एडमंटननं १९८८ च्या ऑगस्टमध्ये वेन ग्रेट्स्की विकला आणि १९९० मध्ये त्याच्याशिवाय कप जिंकला.

दुसरी चूक नंतरचं आधी आणण्याची. कुणी म्हणालं, ‘पण पुढं तो जिंकलाच ना?’ तर अध्यक्षानं विचारावं: ‘अण्णा, सौद्याच्या दिवशी हे माहीत होतं काय?’ नव्हतं, तर ते वेगळ्या रकान्यात. फळ्यावर दोन रकाने आधीच आखून ठेवा, ‘त्या दिवशी’ आणि ‘नंतर’. सुबान-वेबर सौद्यात ‘नंतर’चा रकाना किती वेळा पलटला ते पाहण्यासारखं आहे. २०१७ ला नॅशव्हिल अंतिम फेरीत, म्हणजे मॉन्ट्रियल मूर्ख. २०१९ ला नॅशव्हिलनं सुबान न्यू जर्सीला दिला, तोही दोन फारसं नाव नसलेले खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतले दोन हक्क घेऊन, म्हणजे मॉन्ट्रियल शहाणं. २०२१ ला वेबर कप्तान आणि मॉन्ट्रियल अंतिम फेरीत, म्हणजे आणखीच शहाणं. पण त्या अंतिम फेरीनंतर वेबर दुखापतींमुळं एकही सामना खेळला नाही आणि करार अजून पाच हंगाम बाकी होता. आता काय म्हणणार? कप दोघांपैकी कुणालाच मिळाला नाही.

तिसरी अडचण खास आपल्याकडची. मॉन्ट्रियल फ्रेंच बोलणारं, भोवतालचा देश इंग्रजी बोलणारा, हे कळलं की दहाव्या मिनिटाला कुणीतरी सीमाप्रश्न काढतो. साम्य वाटतं हे खरं, आणि चहाच्या वेळी जरूर बोलावं. वादात मात्र ते आलं की सुबान, वेबर सगळे वाहून जातात. बैठकीत कानडी बोलणारे मित्र असतील तर कागदाच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी तेच मुद्दे कानडीत छापा. खर्च वाढत नाही आणि माणसं पुढच्या वेळीही येतात.

आपल्याच क्लबच्या पोराचा विषय असेल तर

इथं सगळं बदलतं. हजारो मैलांवरच्या श्रीमंत खेळाडूवर बोलणं वेगळं. ज्याची आई भाजी घेताना भेटते त्याच्यावर बोलणं वेगळं. आपल्या क्लबांत सौदा नसतो. पोरगं ठेवायचं, काही सामने बसवायचं, की दुसऱ्या क्लबला जायला मोकळं करायचं, एवढाच प्रश्न असतो. बदल्यात काही येत नाही, त्यामुळं ‘भाव’ म्हणजे इथं संघाचं होणारं नुकसान.

ते मोजता येतं. सामन्याच्या नोंदवहीतून कार्डं काढा. हिरवं म्हणजे २ मिनिटं, पिवळं म्हणजे किमान ५, लाल म्हणजे उरलेला सामना आणि बदली खेळाडूही नाही. समजा स्पर्धेत पाच सामने, प्रत्येकी ६० मिनिटांचे, आणि त्याला तीन पिवळी, दोन हिरवी मिळाली. संघ किमान १९ मिनिटं दहा जणांत खेळला, ३०० पैकी सहा टक्क्यांहून थोडं जास्त. आता त्या १९ मिनिटांत किती गोल खाल्ले ते बघा. शून्य असतील तर ‘याच्यामुळं हरलो’ म्हणणाऱ्यांनी आवाज खाली घ्यावा. मग दुसरी बाजू: पेनल्टी कॉर्नर कोण मारतो? तोच ड्रॅग-फ्लिक मारणारा असेल आणि दुसरा कुणी तयार नसेल, तर त्याला काढण्याआधी दुसरा तयार करायला किती महिने लागतील ते लिहून ठेवा. सीनियर क्लबात हाच आकडा बहुतेक वेळा निर्णय फिरवतो.

कार्डं कशासाठी मिळाली तेही वेगळं करा. उशिरा स्टिक घातल्याचं पिवळं हे सरावानं सुटतं. पंचाशी वाद घातल्याचं सरावानं सुटत नाही, त्याला कप्तानानं मैदानावरच मागं ओढायला लागतं. कप्तान ओढतो का, हा प्रश्न त्या पोराच्या नव्हे, कप्तानाच्या खात्यावर लिहा.

ही चर्चा खुल्या बैठकीत नको. पाच-सहा जण पुरे, मोबाईल बाहेर, आणि पोरगा अठराच्या आतला असेल तर निर्णयाआधी घरच्यांशी एक जण बोललेला असावा. त्याला स्वतःचं म्हणणं मांडायला सुरुवातीला बोलवा. शेवटी बोलावलं तर तोपर्यंत सगळ्यांची मतं ठरलेली असतात आणि ते त्याला दारातच कळतं. सोडायचं ठरलं तर ना-हरकत पत्र त्याच आठवड्यात द्या. ते अडवून धरणं, ‘बघू, पुढच्या महिन्यात’ करत ठेवणं, यात क्लबाला काहीच मिळत नाही. पोराचा हंगाम जातो, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडं यायला निघालेलं दुसरं चांगलं पोरगं ते बघत असतं. पत्रात कारण लिहू नका. किती वर्षं खेळला, कुठल्या जागेवर खेळला, क्लबचं सामान परत मिळालं, एवढं पुरे. त्याच्या स्टिक्स क्लबच्या असतील तर त्यातली एक त्यालाच न्यायला द्या.